दूरचे सरकार आणि जवळचे सरकार



बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त आपल्या संघटनेची वार्षिक स्मरणिका धम्मबंधू व भगिनींच्या हाती देताना आम्हांस मनापासून समाधान वाटत आहे. मुलांचे निबंध, कविता, वर्षभराच्या कार्याचा अहवाल आणि हितचिंतकांचे संदेश अंकात आहेतच. संपादकीयासाठी मात्र यंदा आम्ही वरवर रूक्ष वाटणारा विषय निवडला आहे. संघराज्यात मध्यवर्ती सरकार आणि घटकराज्ये यांच्यात सत्तेची वाटणी कशी होते, आणि त्या वाटणीचा दुर्बल माणसाच्या आयुष्याशी काय संबंध असतो, हा तो विषय होय. हा विषय वकिलांचा व प्राध्यापकांचा आहे, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये अशी आमची विनंती आहे. आपल्यापैकी बहुतेकांची शिष्यवृत्ती, नोकरी, या देशात येण्याची परवानगी आणि व्यवसायाचा परवाना ह्या साऱ्यांचा निर्णय याच वाटणीने केला आहे.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. तेथे पीएच.डी.साठी त्यांनी लिहिलेला आणि १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावर होता. म्हणजे मध्यवर्ती सरकार व प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली याचीच ती चिकित्सा होती. १८३३ नंतर सारी तिजोरी कलकत्त्याच्या हाती एकवटली. १८७१ पासून प्रांतांना ठराविक रकमा नेमून दिल्या जाऊ लागल्या. पुढे काही उत्पन्नाच्या बाबी त्यांच्याकडे आल्या आणि त्यानंतर काही बाबींत वाटा मिळू लागला. या साऱ्या व्यवस्थांमागे अंतिम अधिकार मध्यवर्ती सरकारच्याच हाती राहिला होता आणि प्रांतांचे अंदाजपत्रक नावापुरतेच स्वतंत्र होते, हे त्यांनी साधार दाखवून दिले. कागदावर अधिकार देऊन तिजोरीची किल्ली आपल्याकडे ठेवणे म्हणजे अधिकार देणे नव्हे, हा धडा त्यांनी घटना लिहिण्याच्या कितीतरी आधी गिरविला होता. भारताच्या घटनेतील कलम २८० प्रमाणे दर पाच वर्षांनी नेमला जाणारा वित्त आयोग हे या जुन्या प्रश्नाचे घटनात्मक उत्तर आहे. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राच्या विभाज्य करांपैकी ४१ टक्के वाटा राज्यांना देण्याची शिफारस केली होती.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकन व भारतीय संघराज्यांची तुलना केली. ती प्रत्येकाने मुळातून वाचावी अशी आहे. अमेरिकेत माणूस देशाचा नागरिक असतो तसाच आपल्या राज्याचाही असतो. भारतात नागरिकत्व एकच आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःची घटना आणि स्वतःची स्वतंत्र न्यायव्यवस्था आहे; भारतात न्यायसंस्था एकसंध आहे, मूलभूत कायदे सर्वत्र समान आहेत आणि महत्त्वाच्या पदांसाठी अखिल भारतीय सेवा आहेत. अमेरिकन राज्ये आधी होती आणि त्यांनी करार करून १७८७ साली फिलाडेल्फिया येथे लिहिलेल्या घटनेखाली एक राष्ट्र केले. भारताचे संघराज्य अशा करारातून जन्मलेले नाही आणि म्हणूनच कोणत्याही राज्यास फुटून निघण्याचा हक्क नाही, हे ‘युनियन’ हा शब्द योजण्यामागचे कारण त्यांनी सांगितले. परिस्थितीनुसार ही घटना संघात्मकही राहू शकते आणि एकात्मही होऊ शकते, असे तिचे वैशिष्ट्य त्यांनी नोंदविले.

वाटणीचे तंत्रही दोन्ही देशांत निराळे आहे. अमेरिकेच्या घटनेने मध्यवर्ती सरकारचे अधिकार मोजून दिले आणि १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीने उरलेले सारे राज्यांसाठी व जनतेसाठी राखून ठेवले. भारताच्या घटनेने सातव्या परिशिष्टात तीन याद्या केल्या. मूळ घटनेत संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ विषय होते. यांत न बसणारा विषय भारतात केंद्राकडे जातो. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, आरोग्य आणि जमीन हे राज्यांचे विषय होत. शिक्षण पूर्वी मुख्यतः राज्यांकडे होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ते समवर्ती सूचीत आले.

आम्ही व्यवसायाने डॉक्टर असल्यामुळे एक दाखला देण्याचा मोह होतो. हृदयाला स्वतःची लय असते. मेंदूकडून येणारे मज्जातंतू ती लय जलद वा मंद करतात. परंतु ते तुटले तरी हृदय बंद पडत नाही, आणि रोपण केलेले हृदय त्या मज्जातंतूंवाचूनही वर्षानुवर्षे चालते. मात्र अशा हृदयाला जिना चढताना शरीराची वाढलेली गरज लवकर कळत नाही. निरोगी शरीराला स्वतःची लय असलेले हृदय हवे आणि साऱ्या शरीराची खबर ठेवणारा मेंदूही हवा. दाखला येथेच सोडून देऊ. कारण राज्यघटनेत खरा प्रश्न आरोग्याचा नसून हितसंबंधांचा असतो.

तो प्रश्न असा : ज्याच्या हाती जमीन नाही, पंचायत नाही, पोलीस ठाणे नाही, त्याने न्यायासाठी कोणाकडे पाहावे? गावाजवळच्या सत्तेकडे की दूरच्या सत्तेकडे? गावाला राज्यकारभाराचा पाया मानावे, असा आग्रह घटना समितीत काहींनी धरला होता. बाबासाहेबांनी तो स्पष्ट शब्दांत नाकारला आणि व्यक्ती हाच घटनेचा घटक मानला. जवळची सत्ता म्हणजे आपली सत्ता, असे ज्यांना वाटते त्यांनी गावकुसाबाहेरून गाव पाहिलेला नसतो. १९५५ साली भाषिक राज्यांविषयी लिहिलेल्या पुस्तकातही त्यांनी हीच चिंता व्यक्त केली. एका भाषेच्या राज्यात संख्येने मोठ्या असलेल्या जातीचे वर्चस्व राहणार आणि लहान समाज तिच्या दयेवर जगणार, ही भीती त्यांना होती. राज्ये लहान असावीत, असा त्यांचा सल्ला होता. मराठी भाषकांच्या प्रदेशाचीही एकाऐवजी चार राज्ये त्यांनी सुचविली होती. १ मे १९६० रोजी झाले ते निराळे. तो निर्णय योग्य की अयोग्य हा वाद येथे उकरण्याचा आमचा हेतू नाही. पण त्यामागची चिंता आजही खोटी ठरलेली नाही.

या चिंतेचे घटनेतील सर्वांत मोलाचे फळ कलम ३५ मध्ये आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. पण त्या गुन्ह्याला शिक्षा ठरविण्याचा अधिकार केवळ संसदेला राहील आणि राज्यांच्या विधिमंडळांना असणार नाही, ही कलम ३५ मधील तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. अस्पृश्यता पाळणाऱ्यास काय शिक्षा करावी, हे ती पाळणाऱ्यांचेच बहुमत असू शकेल अशा सभागृहावर घटनेने सोडले नाही. या अधिकारातून १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला आणि १९७६ साली त्याचेच नागरी हक्क संरक्षण कायदा असे नामांतर झाले. १९८९ साली संसदेनेच अत्याचार प्रतिबंधक कायदा केला.

परंतु औषध लिहून देणारा एक आणि ते पाजणारा दुसरा, अशी येथे स्थिती आहे. कायदा संसदेचा असला तरी फिर्याद नोंदविणारा हवालदार राज्याचा, तपास करणारा अधिकारी राज्याचा आणि सरकारी वकीलही राज्याचाच. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तपास आधी स्थानिक पोलिसांकडे होता, नंतर तो केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २००८ साली खुनाबद्दल शिक्षा झाल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप न्यायालयात टिकले नाहीत. ज्या कायद्यासाठी घटनेत वेगळे कलम घातले गेले, तो कायदा ज्या दिवशी सर्वाधिक हवा होता त्या दिवशी उपयोगी पडला नाही. दूरच्या सरकारने कितीही चांगला कायदा केला, तरी जवळच्या सरकारच्या मनात नसेल तर तो पुस्तकातच राहतो, हे आपण विसरता कामा नये.

दूरचे सरकार नेहमीच उदार आणि जवळचे नेहमीच कठोर असते असेही नाही. आपल्या समाजाचाच अनुभव याच्या उलट आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांचे नाव केंद्राच्या दृष्टीने अनुसूचित जातींच्या यादीतून गळले. कारण राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात हिंदूंखेरीज इतरांना, काही शीख जातींचा अपवाद सोडता, स्थान नव्हते. १९५६ साली ते शिखांना व्यापक प्रमाणावर मिळाले, बौद्धांना मात्र मिळाले नाही. अशा वेळी यशवंतराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रीपदाच्या काळात महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या. दिल्लीचे दार उघडण्यास १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. मधल्या सुमारे तीस वर्षांत एकाच घरातील मुलगा राज्याच्या महाविद्यालयात सवलतीस पात्र आणि केंद्राच्या नोकरीस अपात्र, अशी अवस्था होती. आमच्या पिढीतील अनेकांनी आपल्या थोरल्या भावांना ही कुचंबणा सोसताना पाहिले आहे. जर भारतात एकच सरकार असते आणि ते दिल्लीचे असते, तर ती तीस वर्षे आपल्या समाजाने कशावर काढली असती?

ज्या देशात आपण राहतो त्याचा इतिहासही हेच दुहेरी सत्य सांगतो. ‘राज्यांचे हक्क’ हा शब्दप्रयोग दक्षिणेकडील राज्यांनी आधी गुलामगिरीच्या आणि पुढे वर्णभेदाच्या बचावासाठी वापरला. यादवी युद्धानंतर १८६८ साली आलेल्या चौदाव्या दुरुस्तीने राज्यांवर समान संरक्षणाचे बंधन घातले. पण १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य करून ते बंधन पोकळ केले. ते तत्त्व शाळांपुरते १९५४ साली रद्द झाले. तीन वर्षांनी आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाऊ न देण्यासाठी तेथील गव्हर्नरने राज्याचे सशस्त्र दल उभे केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावे लागले. १९६४ चा नागरी हक्क कायदा खाजगी हॉटेलांना व खाणावळींना कोणत्या अधिकाराने लागू करावयाचा, असा पेच होता. तेव्हा काँग्रेसने आंतरराज्य व्यापाराच्या नियमनाचा अधिकार वापरला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी उचलून धरला. माणसाच्या प्रतिष्ठेचे रक्षण व्यापाराच्या कलमाचा आधार घेऊन करावे लागले, ही संघराज्याची एक विचित्र परंतु बोधप्रद कथा आहे.

आमच्या व्यवसायातील कथा तर त्याहून बोलकी आहे. १९४६ च्या एका कायद्याने मध्यवर्ती सरकारने रुग्णालये बांधण्यासाठी पैसा दिला आणि त्याच कायद्यात वर्णानुसार वेगळ्या रुग्णालयांना मुभाही ठेवली. नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथील कृष्णवर्णीय डॉक्टर, दंतवैद्य व रुग्ण यांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि १९६३ साली मध्यवर्ती अपील न्यायालयाने ती मुभा घटनाबाह्य ठरविली. पुढे १ जुलै १९६६ रोजी ‘मेडिकेअर’ सुरू झाले आणि भेदभाव करणाऱ्या रुग्णालयास या योजनेचा पैसा मिळणार नाही असे सरकारने बजावले. वर्षानुवर्षांच्या विनवण्यांनी जे झाले नव्हते ते काही महिन्यांत झाले. बहुसंख्य रुग्णालयांनी आपली दारे सर्वांना उघडली. ज्या वॉर्डांतून आज आपण निःशंकपणे फिरतो, त्यांचा हा इतिहास आहे. त्या लढ्यातील डॉक्टरांचे आणि रुग्णांचे आपण ऋणी आहोत.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. १८५० साली पळालेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करण्याचा कायदा केला तो वॉशिंग्टनने, आणि त्याला विरोध केला तो उत्तरेकडील राज्यांनी. विस्कॉन्सिनच्या राज्य न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला, तर १८५९ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा तो निर्णय उलटविला. त्या वेळी माणुसकी राज्याच्या बाजूला आणि बेड्या केंद्राच्या हाती होत्या. भारतातही कलम ३५६ चा उपयोग सहसा करावा लागू नये अशी आशा बाबासाहेबांनी १९४९ साली व्यक्त केली होती. तरी १९५९ साली केरळातील बहुमताचे सरकार त्याच कलमाखाली गेले आणि पुढे अनेक राज्ये या वाटेने गेली. १९९४ साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास लगाम घातला. म्हणून ‘बळकट केंद्र’ किंवा ‘स्वायत्त राज्ये’ यांपैकी एकाच घोषणेला आंबेडकरी विचार म्हणून कायमचे कवटाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. हक्काचा प्रश्न असेल तेथे सर्वांना बांधणारा राष्ट्रीय कायदा हवा, आणि तो कायदा थकेल किंवा रुसेल तेव्हा वापरता येईल असे दुसरे दारही हवे.

हे दुसरे दार आपल्या डोळ्यांदेखत उघडले आहे. जातीवरून होणाऱ्या भेदभावास नाव घेऊन बंदी करणारा राष्ट्रीय कायदा अमेरिकेत नाही. परंतु २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटल शहराच्या कौन्सिलने तशी बंदी घातली आणि असे करणारे ते या देशातील पहिले शहर ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रेस्नो शहराने तेच केले. कॅलिफोर्निया राज्याच्या दोन्ही सभागृहांनी तसे विधेयक संमत केले; पण सध्याच्या कायद्यांतच हे संरक्षण अंतर्भूत आहे असे कारण देऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी त्यास नकाराधिकार वापरला. एका राज्यात दार बंद झाले म्हणून शहरांची दारे बंद झाली नाहीत. याउलट ब्रिटनमध्ये निर्णय एकाच पार्लमेंटच्या हाती होता. तेथे २०१३ साली समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन सरकारवर घातले गेले आणि २०१८ साली सरकारनेच ते न करण्याचे जाहीर केले. तेथील आपल्या बांधवांना ठोठावण्यास त्या तोडीचे दुसरे दार उरले नाही.

यावरून आपल्या कुटुंबांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट, कोणता प्रश्न कोणाच्या अखत्यारीत आहे हे नीट जाणून घ्यावे. व्हिसा आणि नागरिकत्व वॉशिंग्टनकडे; डॉक्टरी, परिचर्या व वकिलीचा परवाना राज्याकडे; शाळेची पुस्तके राज्याच्या व जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाकडे. २०१६ साली कॅलिफोर्नियात इतिहासाच्या अभ्यासक्रमातील जातिव्यवस्थेच्या उल्लेखांवरून जो वाद झाला, तो राज्याच्या शिक्षण मंडळापुढे झाला. आपण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीवर रात्र रात्र चर्चा करतो आणि स्थानिक शिक्षण मंडळाच्या मतदानाला जात नाही. आपल्या मुलांनी काय शिकावे हे मात्र तेथेच ठरते.

दुसरी गोष्ट मायदेशाविषयीची. अत्याचाराची बातमी आली की आपण पंतप्रधानांना निवेदन पाठवितो. तेही पाठवावे, परंतु १९९५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक राज्यात मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते आणि तिने वर्षातून दोनदा बैठक घेणे अपेक्षित आहे. जिल्ह्यातही अशी समिती असते. त्या बैठका झाल्या का, त्यांत काय ठरले, हे विचारणारे पत्र आपल्या आमदाराला आणि जिल्हाधिकाऱ्यांना गेले पाहिजे. शिष्यवृत्तीचेही तसेच आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च २०२० च्या निर्णयाप्रमाणे केंद्र व राज्य यांच्यात साधारणतः ६० व ४० टक्के असा विभागलेला आहे. मुलाचे पैसे अडले की दिल्ली मुंबईकडे आणि मुंबई दिल्लीकडे बोट दाखविते. कोणाचा हप्ता कोठे अडकला आहे हे आधी शोधावे, मग ओरड करावी. आपल्यापैकी कित्येकजण याच शिष्यवृत्तीवर शिकले आहेत; आज गावाकडे शिकणाऱ्या मुलाला आपल्या देणगीइतकीच या माहितीचीही गरज आहे.

तिसरी गोष्ट आपल्या संघटनांची. शाखांनी मध्यवर्ती समितीवर आणि मध्यवर्ती समितीने शाखांवर अविश्वास दाखविण्याची आपली जुनी खोड आहे. कोणते काम कोणी करावे, पैसा कोणी गोळा करावा आणि हिशेब कोणी द्यावा, हे लेखी ठरले तर निम्मी भांडणे मिटतील. ज्या महामानवाने सुमारे पस्तीस कोटी लोकसंख्येच्या देशाची सत्ता तीन याद्यांत नीट विभागून दाखविली, त्याच्या अनुयायांना दोन-चारशे कुटुंबांच्या संघटनेची कामे विभागता येऊ नयेत, हे शोभणारे नाही.

 येत्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावाच्या, राज्याच्या आणि देशाच्या लोकप्रतिनिधीचे नाव आपल्या मुलांना पाठ करून द्यावे, आणि त्यांपैकी निदान एकाला प्रत्यक्ष भेटून यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!